तिजोरी कोणाच्या हाती? : चीन, जपान आणि आधुनिकीकरण

एकोणिसाव्या शतकात जपान पुढे गेला आणि चीन मागे का राहिला, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते : चीन परंपरेत रुतला होता, जपानने नवे स्वीकारले. या काळाविषयी वाचत असताना मला हे उत्तर सोयीचे, पण अपुरे वाटत आले आहे.

कन्फ्यूशियसची शिकवण जपानी सामुराईंच्याही शिक्षणाचा पाया होती. परदेशांची माहिती देणारा वेई युआनचा ग्रंथ १८४०च्या दशकात चीनमध्येच लिहिला गेला आणि पुढे जपानमध्ये आवर्जून वाचला गेला. शांघायचा शस्त्रकारखाना १८६५चा, फूचौची गोदी १८६६ची; दोन्ही मेइजी सत्तांतराच्या (१८६८) आधीच्या. तेव्हा नव्याचे भान चिनी अधिकाऱ्यांना नव्हते, असे म्हणता येत नाही.

अडले ते तिजोरीपाशी. जपानने १८७१मध्ये सरदारांची संस्थाने खालसा केली, १८७३मध्ये जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के रोख सारा ठरवला आणि १८७६मध्ये सामुराईंचे तनखे बंद करून त्यांच्या हाती रोखे दिले. शेतकऱ्यांच्या उठावांनंतर सारा अडीच टक्क्यांवर आणावा लागला. १८७७मध्ये सात्सुमाचे बंडही मोडावे लागले. पण पैसा आणि सैन्य एकाच केंद्राकडे आले.

चीनमध्ये उलट घडले. ताइपिंग बंड (१८५०-६४) मोडण्यासाठी दरबाराने प्रांतिक अधिकाऱ्यांना फौजा उभारू दिल्या. लिजिन ही नवी जकातही बरीचशी त्यांच्याच हाती राहिली. कारखाने, गोद्या, आरमारे त्यांनीच उभारली. म्हणून १८९४-९५च्या युद्धात जपानच्या राष्ट्रीय आरमाराशी मुख्यतः ली होंगचांगचा उत्तरेकडचा ताफा लढला. दक्षिणेकडची बहुतेक जहाजे लांबच राहिली. पराभवानंतर चीनवर वीस कोटी ताएलांची खंडणी बसली आणि तिच्या आधाराने जपानने १८९७मध्ये सुवर्णचलन स्वीकारले.

राजमाता त्सशीने आरमाराचा निधी उन्हाळी महालाकडे वळवला, एवढे सांगून अनेक जण विषय संपवतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की तो निधी असा वळवता येत होता. जुन्या परीक्षापद्धतीचा अडसरही खरा. ती १९०५पर्यंत टिकली. पण ती मोडण्यासाठी पर्यायी शाळा आणि नोकऱ्या हव्या होत्या, आणि त्यांना लागणारा महसूल केंद्राच्या हाती नव्हता.

एखाद्या समाजाच्या मनोवृत्तीवर ठपका ठेवण्याआधी तिथला सारा कोण वसूल करत होता आणि तो कुठे पोहोचत होता, हे तपासले पाहिजे.