आयातदार कोण? सीमाशुल्क कायद्यातील ‘लाभार्थी मालक’ या संकल्पनेची चिकित्सा

आयात मालाचा अंतिम स्वीकारकर्ता निश्चित करणे हा सीमाशुल्क प्रशासनापुढील मूलभूत प्रश्न आहे. सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम २(२६) नुसार माल देशात आल्यापासून तो देशांतर्गत वापरासाठी सोडविला जाईपर्यंत त्याचा मालक किंवा स्वतःस आयातदार म्हणवून घेणारी व्यक्ती ‘आयातदार’ या संज्ञेत येते. वित्त अधिनियम २०१७ ने त्यात ‘लाभार्थी मालक’ समाविष्ट केला. ज्याच्या वतीने आयात होते किंवा मालावर ज्याचे परिणामकारक नियंत्रण असते, तो लाभार्थी मालक होय. दुसऱ्याच्या आयात-निर्यात कोडाआड दडणाऱ्यास कायद्याच्या कक्षेत आणण्याचा हा हेतू स्वागतार्ह आहे. मात्र शब्दयोजना त्यास पुरेशी नाही.

समजा, न्हावा-शेवा येथे रसायनांचा कंटेनर उतरला. बिल ऑफ एंट्री मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नावे आहे, भांडवल तिसऱ्याच व्यक्तीचे आहे आणि माल पेण, निडी या पट्ट्यातून रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात पोहोचला. कारखान्याने व्यापाऱ्यास आपल्या वतीने आयात करण्यास सांगितले असेल, तर तो लाभार्थी मालक ठरू शकतो. माल सुटल्यानंतर विकत घेतला असेल, तर तो केवळ ग्राहक आहे. भांडवलदाराचे नियंत्रण ‘परिणामकारक’ होते काय, हे ठरविण्यास कायदा मोजमाप देत नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत कंपनीच्या लाभार्थी मालकासाठी भागभांडवलाची टक्केवारी ठरविलेली आहे. परंतु तेथे कंपनीवरील मालकी मोजली जाते, येथे मालावरील नियंत्रण. म्हणून ते प्रमाण जसेच्या तसे येथे लागू करता येत नाही.

तसेच व्याख्येतील तीन व्यक्तींमध्ये प्राधान्यक्रम नाही. मूल्य कमी दाखविल्याचे उघड झाल्यास खरा सूत्रधार सापडेपर्यंत पत्ता ठाऊक असलेल्या कारखान्याकडेच चौकशीचा रोख वळण्याची शक्यता राहते.

काटेकोर व्याख्या केल्यास करचुकव्यांना पळवाट मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे व्याख्या लवचिक ठेवून कसोट्या स्पष्ट करणे: किंमत कोणी चुकती केली, नुकसानीची जोखीम कोणाची होती आणि मालाची विल्हेवाट कोणाच्या आदेशाने लागली. या तिन्हींचे उत्तर ज्या व्यक्तीकडे जाते, तिलाच प्रथम जबाबदार धरावे. अन्यथा पडद्यामागील मालकास शोधण्यासाठी केलेली तरतूद पडद्यापुढील ग्राहकासच गाठेल.