सवलतीची मुदत आणि संरक्षणाची कला

खो-खोचे सारे सौंदर्य त्याच्या बंधनांत आहे. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा मैदानात आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. पाठलाग करणाऱ्या नवव्यास मध्यपाटी ओलांडण्याची मुभा नसते आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. उलट संरक्षकास सारे मैदान मोकळे असते. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली पुण्यात या खेळास नियमबद्ध केले, तेव्हापासून या विषम अधिकारवाटणीवरच संरक्षणाची कला पोसली गेली. आणि म्हणूनच या वाटणीत जेव्हा जेव्हा फेरफार होतो, तेव्हा तेव्हा त्या कलेचे काय होते, याची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

ही चौकशी धाराशिव जिल्ह्यातून करावी, हे सर्वथा योग्य आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे याच जिल्ह्याची; २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत विश्वविजयी ठरलेल्या संघातील अश्विनी शिंदेही येथचीच. खांबापाशी उभी असलेली निष्णात संरक्षक जवळून पाहावी. पाठलाग करणारी दोन पावलांवर येईतो ती हलत नाही. खांदा एका बाजूस झुकवून हुलकावणी देते, आणि समोरचा हात पुढे झेपावताच बसलेल्या दोघींमधील फटीतून पलीकडे निसटते. आता पाठलाग करणारीने एक तर योग्य दिशेस तोंड असलेल्या सहकारिणीस खो द्यावा, नाहीतर खांबास वळसा घालावा. त्या क्षणार्धाच्या विलंबावर संरक्षकाची मिनिटे उभी राहतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास बालेवाडीत सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने नेमका हा विलंबच काढून घेतला. तिथे डावाची पाळी नऊ मिनिटांवरून सात मिनिटांवर आली, आणि ‘वजीर’ नावाच्या गड्यास कोणत्याही दिशेस धावण्याची सवलत मिळाली. ‘पॉवरप्ले’च्या मर्यादित काळात असे दोन वजीर. दोन वजिरांची ही सवलत सदासर्वकाळ असती, तर बसलेल्या गड्यांमधून साखळी धरून फिरण्याचा जुना दस्तूर पुरता मोडीत निघाला असता. परंतु दोन वजिरांच्या जोराला मुदत घातल्यामुळे तो केव्हा खर्चावा, म्हणजे संरक्षकांच्या कसलेल्या तुकडीसमोर की कच्च्या तुकडीसमोर, हाच डावपेचाचा मुख्य प्रश्न होऊन बसला. अधिकाराला काळाची मर्यादा पडली की त्याचे स्वरूपच पालटते, याचे साक्ष्य अगदी निराळ्या क्षेत्रातही सापडते. ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या संगणकीय खेळात ‘जेट’ या पात्राची झेप २०२२ च्या एप्रिलमध्ये अशीच जखडली गेली: पूर्वी संकट दिसताच तत्क्षणी निसटता येई, पुढे ती झेप आधी सिद्ध करून १२ सेकंदांत वापरणे भाग पडले. परिणामी लांब पल्ल्याची बंदूक घेऊन एकट्याने कोपरा राखण्याचे धाडस महागले, आणि सहकाऱ्यांशी मसलत करून झेपेचा क्षण आधीच मुक्रर करण्याची निकड उत्पन्न झाली.

खो-खोत मात्र गुणांचे मोलही त्याच वेळी बदलले, आणि माझ्या मते खरी उलथापालथ तिथेच झाली. पूर्वी गडी कसाही बाद झाला तरी गुण एकच. लीगमध्ये साध्या स्पर्शास दोन, आणि सूर मारून टिपल्यास तीन. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्स ४३–४५ असे मागे असताना, अवघी १४ सेकंदे उरली असता सूरज लांडेने सूर मारून तीन गुण मिळविले, आणि तेलुगू योद्धाज ४६–४५ असे हरले. साध्या स्पर्शाने तिथे फार तर बरोबरी झाली असती. जो सूर एके काळी नाइलाजाचा उपाय होता, तो आता हिशेबाने योजलेला डाव झाला आहे.

आक्रमणाकडे इतके झुकते माप पडल्यावर संरक्षणास तारले ते ‘ड्रीम रन’च्या कलमाने. जुन्या पद्धतीत तीन मिनिटे झुंजलेल्या संरक्षकाच्या पदरी गुण म्हणून काहीच पडत नसे. त्याच्या मिनिटांची नोंद तेवढी धावफलकावर राही. लीगच्या पहिल्या हंगामात अडीच मिनिटे टिकलेल्या तुकडीस दोन गुण, व पुढे दर अर्ध्या मिनिटास आणखी तितकेच मिळू लागले, आणि २०२५ च्या विश्वचषकात हीच मर्यादा तीन मिनिटांवर व मोल एका गुणावर आले. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८–४० असे हरविले. त्यात चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंदे झुंज दिली, आणि तरी त्या दीर्घ तपश्चर्येचे फळ मिळाले ते पाच गुण, म्हणजे तीन साध्या स्पर्शांहूनही उणे.

हे प्रमाण मला अन्यायाचे वाटते. सात मिनिटांच्या पाळीत पाच मिनिटे एकच तुकडी उभी राहते, तेव्हा ती प्रतिपक्षाचा जवळजवळ सारा डाव गिळून टाकते. अशा पराक्रमास निदान पहिल्या हंगामाइतके, म्हणजे दर अर्ध्या मिनिटास दोन गुणांचे मोल द्यावे, आणि ज्या जिल्हा व शालेय स्पर्धा अद्याप जुन्या पद्धतीने खेळवल्या जातात, त्यांतही हे कलम दाखल करावे, म्हणजे खांबापाशी थांबण्याचे धैर्य शिकविताना धाराशिवच्या प्रशिक्षकास मुलींना त्या धैर्याचा गुणफलकावरचा हिशेबही दाखविता येईल.