समोरच्या टोकाचा माणूस

31 जानेवारी 1999, रविवार. बिघडलेला मिक्सर पिशवीत घालून वडील आणि मी अंबरनाथहून उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो होतो. दुरुस्तीवाल्याच्या शेजारी टीव्हीचं दुकान होतं आणि त्याच्यासमोर रस्ता अडेल एवढी गर्दी. शेठने काचेमागचे सगळे टीव्ही एकाच चॅनेलवर लावले होते. त्यामुळे चेन्नईच्या चेपॉकवर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीतला सचिन एकाच वेळी सात-आठ आकारांत आणि तितक्याच रंगछटांत खेळत होता. एका टीव्हीत तर तो चक्क हिरवा होता. मिक्सर दुरुस्त झाला तरी वडील हलेनात.

मग सकलेनच्या चेंडूवर सचिनचा फटका चुकला, चेंडू वर उडाला आणि वसीम अक्रमने झेल घेतला. शेठने हात लांब करून एकेक टीव्ही बंद केला. "चलो, खतम." कुणीही तक्रार केली नाही. भारताला 17 धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक होते आणि दुकानासमोर चिटपाखरू उरलं नाही. 12 धावांनी हरल्याचं विठ्ठलवाडीच्या फलाटावर एकाच्या कानाशी धरलेल्या ट्रान्झिस्टरवरून कळलं.

म्हणजे त्या सामन्यातल्या शेवटच्या चार धावा मी पाहिल्याच नव्हत्या. कितीतरी वर्षांनी पाहिल्या. तेव्हापासून हा डाव मी एखादी आवडती कविता वाचावी तसा परत परत वाचतो. हो, वाचतो. धावफलक नीट वाचला तर तो बोलतो, आणि या डावातली माझी सगळ्यात लाडकी ओळ सचिनच्या नावासमोरची नाही. ती तळाची, गडी बाद होण्याच्या क्रमाची ओळ आहे:

5, 6, 50, 73, 82, 218, 254, 256, 256, 258.

मोठ्याने म्हणून पाहा. सुरुवातीला दोन ठेचा. मग धापा टाकत चढलेल्या तीन पायऱ्या. 82 वर श्वास अडकतो, आणि मग 82 ते 218 असा एक लांबलचक श्वास. त्यानंतर 254, आणि शेवटी जिन्यावरून डबा गडगडत खाली यावा तसे 256, 256, 258. लक्ष्य 271 होतं.

या ओळीचा आपण नेहमी लावतो तो अर्थ सगळ्यांना पाठ आहे. सचिन एकटा लढला, बाकीच्यांनी माती खाल्ली. नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत हे वाक्य श्रावणातल्या कहाणीसारखं दर वेळी त्याच शब्दांत सांगितलं जायचं. त्याचं उपवाक्यही ठरलेलं होतं: याच्याभोवती चार चांगली माणसं असती ना, तर! माझा मावसभाऊ गेली कित्येक वर्षं अमेरिकेत आहे. तिथल्या फुटबॉलचा मोसम सुरू झाला की तोही फोनवर हेच गाऱ्हाणं घालतो, फक्त सचिनच्या जागी क्वार्टरबॅक असतो. आमच्या क्वार्टरबॅकला अजून चांगली माणसं द्या, पळून चेंडू झेलणारे द्या, मग बघा. मी त्याला एकदा विचारलं, त्याच्यासमोर उभे राहून धक्के खाणारे ते पाच दांडगे असतात, त्यांची नावं सांग. त्याला दोन आठवली.

आता चेन्नईतली ती 'नसलेली चार चांगली माणसं' कोण होती ते पाहू. राहुल द्रविड, सौरव गांगुली, कर्णधार अझरुद्दीन आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण. यापेक्षा चांगली माणसं आणायची कुठून? लक्ष्मण त्या दिवशी शून्यावर गेला खरा, पण तो सलामीला आला होता. त्याची ती जागाच नव्हती. दोनच वर्षांनी, मार्च 2001 मध्ये, कोलकात्यात तिसऱ्या क्रमांकावर येऊन याच माणसाने 281 धावा केल्या आणि द्रविडबरोबर 376 धावांची भागीदारी रचली. त्या सामन्यात सचिनच्या धावा होत्या 10 आणि 10. शेवटच्या दिवशी मात्र त्याने चेंडू हातात घेतला आणि हेडन, गिलख्रिस्ट, वॉर्न असे तिघे काढून दिले. दुसऱ्याच्या मैफलीत बसून तंबोरा कसा धरायचा हे त्या दिवशी त्याने दाखवलं.

तर चेन्नईत गुणांचा दुष्काळ नव्हता. मग उणीव कशाची होती?

त्याचं उत्तर मला 82 आणि 218 यांच्यामध्ये सापडतं. द्रविडला वसीमने त्रिफळाचीत केलं (त्या चेंडूवर कुणीही गेला असता), अझरुद्दीन आणि गांगुली सकलेनला बळी पडले आणि 5 बाद 82 अशा अवस्थेत नयन मोंगिया आला. बडोद्याचा यष्टीरक्षक. त्याचं पोस्टर आमच्या उल्हासनगर-अंबरनाथच्या एकाही सलूनमध्ये मी पाहिलेलं नाही. समोर वसीम, वकार आणि सकलेन. त्यातल्या सकलेनचा 'दूसरा' कुठे वळणार हे भल्याभल्यांना ओळखू येत नव्हतं.

मोंगियाने काय केलं? संगीतात ज्याला नुसता ठेका धरणं म्हणतात, ते. तबलजीने तुकडे वाजवायचे नाहीत, तिहाई घ्यायची नाही, गवई कुठेही भटकून आला तरी सम जागेवर सापडली पाहिजे एवढंच बघायचं. ऐकणाऱ्याला हे सोपं वाटतं. बसून बघा म्हणावं तासभर. मोंगिया उभा राहिला आणि सचिनचा खेळच बदलला. आधीच्या सचिनला दर षटकाला हिशेब करावा लागत होता. आता समोर माणूस आहे, एक धाव काढून टोक बदललं तरी आकाश कोसळणार नाही, हे कळल्यावर तो आवाज लावू लागला. त्या दोघांची भागीदारी 136 धावांची. सचिनच्या स्वतःच्या धावाही शेवटी 136 झाल्या. योगायोगच आहे, पण हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर कुठला कुणामुळे झाला हे ठरवणं अवघड जातं.

एवढ्यात सचिनची पाठ गेली. दुखणं असं की प्रत्येक फटक्यानंतर तो वाकत होता, थांबत होता. ती कळ दुकानातल्या हिरव्या टीव्हीतसुद्धा दिसत होती. मग मोंगियाच्या मनात काय आलं कोण जाणे. 52 वर असताना त्याने वसीमला उचलून मारायला बॅट फिरवली आणि उडालेला झेल वकारने घेतला. 6 बाद 218. अजून 53 हव्या होत्या.

माझ्या मते सामना इथे संपला, 254 वर नाही. यानंतरचा सचिन हा पुन्हा हिशेबाचा सचिन आहे, आणि आता तर पाठही साथ देत नाही. त्याने ठरवलं की उभं राहणं जमत नसेल तर मारून मोकळं व्हावं. सुनील जोशी समोर असताना पुढच्या 36 धावा झाल्या, बहुतेक सचिनच्याच. मग तो उंच फटका. 273 चेंडू, सहा तासांहून जास्त वेळ, 18 चौकार. पहिल्या डावात हाच माणूस सकलेनच्याच गोलंदाजीवर शून्यावर गेला होता, हे लक्षात ठेवून त्या 136 कडे बघावं.

"सचिनने संपवून यायला हवं होतं," असं म्हणणारे तेव्हा होते, आजही भेटतात. मला हे रसिकपणाचं लक्षण वाटत नाही. गवयाला ताप आहे, तबलजी मध्येच उठून गेलाय आणि तुम्ही म्हणताय भैरवी राहिली.

शेवटचे तीन गडी गेले चार धावांत. कुंबळे 1, जोशी 8, श्रीनाथ 1. प्रसाद नाबाद 0. ज्या प्रसादने आदल्या दिवशी 33 धावांत सहा बळी घेऊन पाकिस्तानला 286 वर गुंडाळलं होतं, तो समोरच्या टोकाला एकही धाव न काढता उभा राहिला. सामनावीर सचिन, पण बक्षीस घ्यायला तो बाहेर आलाच नाही. चेपॉकच्या प्रेक्षकांनी मात्र उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या वाजवल्या. तो प्रसंग आजही पाहताना माझ्या घशात काहीतरी येतं. आम्ही टीव्ही बंद करून निघालो होतो, ते थांबले होते.

शेपटाला शिव्या देऊन मोकळं होण्याआधी आणखी एक आठवडा पुढे जा. दिल्ली, 7 फेब्रुवारी. चेन्नईत एका धावेवर बाद झालेल्या कुंबळेने फिरोजशाह कोटलावर 74 धावांत दहाच्या दहा बळी घेतले. त्या दहाव्या बळीच्या वेळी दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करत होता श्रीनाथ, आणि तो मुद्दाम यष्टींपासून लांब चेंडू टाकत होता, चुकून स्वतःला बळी मिळू नये म्हणून. जगभरातल्या गोलंदाजांना जे जन्मभर शिकवलं जातं त्याच्या बरोबर उलट. कसोटीच्या इतिहासातला तो दुसराच दहाचा पराक्रम. फलकावर कुंबळेच्या नावापुढे 10, श्रीनाथच्या नावापुढे काही नाही. साथ म्हणतात ती ही.

आमच्या भागातली मैदानी माणसं हे क्रिकेटवाल्यांपेक्षा आधी शिकलेली आहेत, कारण कबड्डीने ते नियमातच घालून ठेवलंय. बदलापूरला हॅलोजनच्या उजेडात रात्रीचे सामने बघताना मला नेहमी त्या बाहेर बसलेल्या चढाईपटूची गंमत वाटते. पंचक्रोशीत नाव असलेला गडी, पण पकड झाली की रेषेबाहेर मांडी घालून बसायचं. तो स्वतः स्वतःला आत आणू शकत नाही. आतल्या कुणीतरी समोरच्याला बाद करायचं, तेव्हा हा जिवंत होणार. जिवंत होणं हा शब्दच आहे त्याला. आणि ज्या क्रमाने बाद झालात त्याच क्रमाने जिवंत व्हायचं. नाव मोठं म्हणून रांग मोडता येत नाही. आतले सगळे गेले की लोण. आमच्याकडे हल्ली टेनिस बॉलच्या लीगमध्येही लिलाव होतात, 'आयकॉन प्लेअर' घेतात. त्याच्यावर पैसे ओतून झाल्यावर उरलेल्या रकमेत बाकीचे दहा गोळा करतात, आणि दुसऱ्या फेरीत बाहेर पडतात.

चेन्नईच्या त्या डावाची जोडकविता जवळजवळ दहा वर्षांनी आली. मैदान तेच, चेपॉक. डावही चौथाच. डिसेंबर 2008, समोर इंग्लंड, लक्ष्य 387. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सीएसटीहून सुटणाऱ्या आमच्या कर्जत लोकलमध्ये तेव्हा लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघत बसायचे. या वेळी सेहवागने 68 चेंडूंत 83 धावा करून पहिल्या गड्यासाठी 117 चा पाया घालून दिला होता. गंभीरने 66 केल्या. 4 बाद 224 झाल्यावर सचिनसमोर आला युवराज. तोवर सचिनला कुणाच्या तरी साथीची गरज असायची, तशी आता युवराजला सचिनच्या साथीची गरज होती. फिरकीसमोर चाचपडणाऱ्या, चटकन भडकणाऱ्या युवराजला तो प्रत्येक षटकानंतर जवळ जाऊन काहीतरी सांगत होता. युवराज नाबाद 85, दोघांची अभंग भागीदारी 163. शेवटचा चौकार सचिनने स्वानला मारला. शतकही त्यातच पूर्ण झालं आणि सामनाही. 103 नाबाद.

दोन्ही डाव शेजारी ठेवले तर कलाकृती म्हणून मला 136 चा डाव कितीतरी मोठा वाटतो. 103 मध्ये तसा दाह नाही, तशी चढाई नाही, 1999 सारखे जीव मुठीत धरायला लावणारे क्षण फार थोडे. त्यात सचिन एक धाव काढतो, टोक बदलतो, पुन्हा एक धाव काढतो. कंटाळवाणा म्हणावा इतका निवांत. माणसं सोबत असली की प्रतिभेला दर वेळी पेटावं लागत नाही, साधं काम केलं तरी चालतं. तो शतकाच्या आनंदाने धावत युवराजकडे जातो आणि युवराज त्याला उचलून घेतो, एवढं पाहिलं की 1999 चा रिकामा बक्षीस समारंभ आठवतो.

1999 चा डाव यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी सापडतो. पाहणार असाल तर एक करा. 5 बाद 82 पासून पुढे सचिनकडे बघू नका, तो तसाही दिसतोच. गोलंदाज धावत येताना पलीकडे बॅट टेकवून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. धावफलकावर त्याची ओळ अशी आहे: मोंगिया, झेल वकार, गोलंदाज वसीम, 52.