समाप्तिमुद्रा

संस्कृत नाटकाच्या आरंभी नांदी असते आणि अखेरीस भरतवाक्य. नांदीचे कौतुक आपल्या संगीत रंगभूमीने आवडीने जपले. भरतवाक्याकडे मात्र प्रेक्षक उठण्याच्या गडबडीत फारसे लक्ष देत नाहीत. चित्रसृष्टीतही असेच झाले आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या 'प्रभात'चे नाव काढताच तुतारी फुंकणारी ती स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते, याचे कारण ती आरंभी येते. ती नांदी होय. दूरचित्रवाणीवरील मालिकांत निर्मितीसंस्थेची मुद्रा बहुधा शेवटी येते. श्रेयनामावली सरते, दोनचार सेकंद एक चित्र चमकते, एखादा स्वर उमटतो आणि खेळ संपतो. या समाप्तिमुद्रेला वाङ्मयीन विचारात स्थान आहे काय, असा प्रश्न कोणी हसत विचारील. माझ्या मते आहे. आणि त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील 'एमटीएम एंटरप्रायझेस' या संस्थेचे मांजराचे पिल्लू हे होय.

अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि तिचे पती ग्रँट टिंकर यांनी १९६९ साली ही संस्था काढली. 'एमटीएम' ही मेरीच्या नावाची आद्याक्षरे. ती 'एमजीएम' या बलाढ्य चित्रसंस्थेच्या आद्याक्षरांशी जुळती होती, आणि या योगायोगातूनच एक विनोद जन्मास आला. एमजीएमच्या वर्तुळात सिंह गर्जना करतो. त्याच धर्तीच्या चौकटीतून एमटीएमचे पिल्लू 'म्याव' करते. सिंहाभोवती 'कलेसाठी कला' या अर्थाचे लॅटिन ब्रीद कोरलेले आहे. फडके-खांडेकरांचा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना हे ब्रीद एका मोठ्या व्यापारी संस्थेच्या माथ्यावर पाहून गंमत वाटेल. पिल्लाचा असा कोणताही दावा नाही. घरातल्या लहान पडद्यावर, घरातल्या माणसांसमोर, घरातलाच प्राणी यावा, यात एक औचित्य आहे. स्वतःच्या माध्यमाची मर्यादा ओळखून त्या मर्यादेलाच शोभा आणणे ही सामान्य रसिकतेची गोष्ट नव्हे.

येथवर हे केवळ विडंबन आहे. परंतु पुढे या मुद्रेत निराळाच गुण प्रकट झाला. 'हिल स्ट्रीट ब्लूज' (१९८१–८७) ही पोलिसठाण्याची कथा. तिच्या अखेरीस पिल्लाच्या डोक्यावर शिपायाची टोपी असते. 'रेमिंग्टन स्टील' (१९८२–८७) या गुप्तहेरकथेत ते शेरलॉक होम्सची टोपी आणि चिलीम धारण करते. 'न्यूहार्ट' (१९८२–९०) या मालिकेत तर प्रमुख नट बॉब न्यूहार्ट आपल्या कोरड्या स्वरात त्याच्या वतीने 'म्याव' हा शब्द उच्चारतो.

हा खेळकर वेषपालट म्हणजे गिऱ्हाईक खूश करण्याची युक्ती, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी खोटा नाही. पण एरवी अशी मुद्रा काय करते ते पाहावे. कथा करुण असो वा विनोदी, ती अविचल राहून 'ही वस्तू माझी' एवढेच सांगते. गोदामातील मालावर शिक्का मारावा तशी. एमटीएमचे पिल्लू उलट कृतीचा वेष अंगावर घेते. येथे मालक कृतीपुढे नमतो. आपल्या अभंगांतील नाममुद्रेचा धर्म हाच आहे. शेवटच्या चरणात कवीचे नाव येते ते हक्क सांगण्यासाठी नव्हे; म्हटलेल्या शब्दांची जबाबदारी आपल्या माथी घेण्यासाठी. टिपणीखाली आद्याक्षरे करण्यात ज्यांचे दिवस जातात त्या आम्हा कारकुनांस या दोहोंतील अंतर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या मुद्रेची खरी कसोटी २५ मे १९८८ रोजी लागली. त्या दिवशी 'सेंट एल्सव्हेअर' (१९८२–८८) या बोस्टनमधील रुग्णालयाच्या मालिकेचा अखेरचा भाग दाखविण्यात आला. एरवी तिच्या शेवटी पिल्लू शस्त्रक्रियेच्या वेषात, तोंडाला फडके बांधून येई. कथेचा शेवट असा केला होता, की ते सारे रुग्णालय म्हणजे टॉमी वेस्टफॉल या स्वमग्न मुलाच्या मनातील कल्पना असावी. त्याच्या हातातील काचेच्या गोळ्यात, खोट्या बर्फात, ती इमारत उभी दिसते. या शेवटाची चर्चा आजवर होत आली आहे. मला तो चतुर वाटतो, पण समाधान देत नाही. सहा वर्षे ज्यांच्या मरणाने प्रेक्षक व्याकुळ झाला ते कधी नव्हतेच, असे म्हणणे म्हणजे दिलेले दुःख परत मागून घेणे होय.

परंतु त्यानंतर श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्या मागे ते पिल्लू रुग्णशय्येवर पडलेले दिसते. शरीराला नळ्या जोडलेल्या आहेत. हृदयाचे ठोके यंत्रावर उमटत आहेत. नावे संपता संपता ती रेषा सरळ होते. गोळ्याने जे नाकारले ते मुद्रेने परत दिले. रुग्णालय कल्पित असेल. पण मालिका संपली हे कल्पित नाही, आणि ती घडविणाऱ्यांची ताटातूटही कल्पित नाही. भरतवाक्य म्हणणारा नट भूमिकेतून अर्धा बाहेर आलेला असतो. कथेच्या बाहेरचे सत्य तोच बोलू शकतो. येथे ते काम एका मुक्या प्राण्याने केले. त्यात थोडा भडकपणा आहे, हे मान्य; तरीही त्या भागाचा खरा शेवट हाच, असे माझे मत आहे.

त्याच वर्षी एमटीएम ही संस्था ब्रिटनमधील 'टीव्हीएस' कंपनीस विकली गेली. पुढे तिचे मालक बदलत गेले आणि पिल्लू नव्या मालिकांतून नाहीसे झाले. दरम्यान समाप्तिमुद्रेची जागाच आक्रसली. वाहिन्यांनी श्रेयनामावली पडद्याच्या एका कोपऱ्यात दाबून उरलेल्या जागेत जाहिराती सुरू केल्या. आज मागणीनुसार मालिका दाखविणाऱ्या सेवांवर नावे सुरू होताच पुढचा भाग डोकावू लागतो. यात वेळ वाचतो खरा; पण शेवट नावाचा अनुभव हरवतो. कृती संपल्यावर क्षणभर स्तब्ध बसणे हा आस्वादाचाच भाग आहे, आणि त्या क्षणी ती कोणी घडविली हे कळणे हा रसिकाचा अधिकार आहे. दोनचार सेकंदांच्या त्या 'म्याव'ने हा अधिकार हसतखेळत राखला होता. त्याची आज उणीव भासते.