मुद्रणप्रतीची पुष्पिका : स्पूल फाइलींच्या जतनाची एक चिकित्सा

जुनी पोथी हाती आली म्हणजे पाठचिकित्सक प्रथम तिचे शेवटचे पान पाहतो. पोथी कोणी लिहिली, कोठे लिहिली, कोणत्या शकात व कोणत्या तिथीस पुरी केली, हे बहुधा पुष्पिकेत नोंदलेले असते. संहिता जशीच्या तशी राहूनही पुष्पिका हरवली, तर पुरावा म्हणून त्या पोथीचे बळ निश्चितच कमी होते. व्यापारी संगणकाच्या मुद्रणव्यवहाराशी याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. तो संबंध दाखवून त्या कसोटीवर एका संगणकव्यवस्थेचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणासाठी आय.बी.एम.ची ए.एस./४०० ही व्यवस्था घेतली आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे सिद्ध झालेला हा मध्यम श्रेणीचा संगणक जून १९८८ मध्ये जाहीर झाला. त्याच्या कार्यप्रणालीचा वारसा २००८ पासून ‘आय.बी.एम. आय’ या नावाने चालू आहे. या व्यवस्थेत प्रोग्रॅमने छापावयास सोडलेला मजकूर थेट मुद्रकाकडे जात नाही. संगणक शीघ्रगती, मुद्रक मंदगती. म्हणून तो मजकूर स्पूल फाइलीच्या रूपाने चकतीवर ठेवला जातो व मुद्रणरांगेत आपल्या पाळीची वाट पाहतो. अशा प्रत्येक फाइलीची ओळख निश्चित असते. तिला जन्म देणाऱ्या जॉबचे नाव, वापरकर्त्याचे नाव, जॉबचा सहा अंकी क्रमांक, फाइलीचे नाव व क्रमांक, निर्मितीची तारीख व वेळ, एवढ्या गोष्टी तिच्यासोबत असतात. हीच त्या मुद्रणप्रतीची पुष्पिका होय.

येथे एक आक्षेप संभवतो. मूळ माहिती सुरक्षित असता अहवाल केव्हाही पुन्हा काढता येईल. मग मुद्रणप्रत जपण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु तो टिकत नाही. समजा, एखाद्या पेढीने मार्चअखेरीस खातेदारांच्या व्याजाचे विवरण काढले, आणि पुढे एप्रिलमध्ये दरातील चूक दुरुस्त झाली. मे महिन्यात तोच अहवाल पुन्हा काढला, तर तो दुरुस्त माहितीवर व कदाचित सुधारलेल्या प्रोग्रॅमवर आधारलेला असेल. तो अधिक अचूक असेल. पण पेढीने मार्चअखेरीस खातेदाराला काय सांगितले होते, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळणार नाही. वाद उत्पन्न होतो तो नेमका याच प्रश्नावर. म्हणजे पुन्हा काढलेला अहवाल ही नवी रचना ठरते. जुन्या लेखाची जागा तिला घेता येत नाही.

या दृष्टीने पाहता ए.एस./४०० च्या मूळ योजनेतील वैगुण्य स्पष्ट होते. मुद्रणरांग ही एखाद्या लायब्ररीत राहणारी वस्तू असल्यामुळे ‘सेव्ह लायब्ररी’ या आज्ञेने ती जतन होत असे. परंतु रांगेतील मजकूर वस्तुतः रांगेत नसतोच. तो प्रणालीच्या स्वतःच्या वेगळ्या लायब्ररीत साठविलेला असतो, आणि ती लायब्ररी या आज्ञेने जतन करता येत नाही. परिणाम असा की, पुनःस्थापनेनंतर रांग नावानिशी परत येई, पण रिकामी. पेटी सांभाळली, आतील कागद गेले! ही स्थिती १९८८ पासून २००६ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे राहिली. तिच्या मुळाशी एक गृहीतकृत्य दिसते : छापावयाचा मजकूर हा वाटेवरचा प्रवासी, त्याला कायमचे घर कशाला? विशेष सूचना नसेल तर छपाई होताच स्पूल फाइल काढून टाकावी, हा मुद्रण-फाइलीचा मूळ नियम त्याच वृत्तीचा द्योतक आहे.

मधल्या काळात जाणत्यांनी जे उपाय योजले, त्यांचीही चिकित्सा करणे अवश्य आहे. ‘कॉपी स्पूल्ड फाइल’ या आज्ञेने मजकूर साध्या माहिती-फाइलीत उतरविता येई. ओळी कोठे सोडावयाच्या, पान कोठे बदलावयाचे, याची चिन्हेही प्रत्येक ओळीच्या आरंभी राखता येत. परंतु अक्षरांचे वळण, ठळकपणा आणि पुष्पिका या नकलेत उतरत नसत. दुसरा मार्ग असा की, प्रणालीने उपलब्ध केलेल्या उपप्रोग्रॅमांच्या साहाय्याने फाइल उघडून तिचे गुणधर्म व मजकूर दोन्ही वाचावे आणि पुढे त्यांपासून नवी स्पूल फाइल घडवावी. हा मार्ग अधिक निष्ठावान खरा. पण अशा रीतीने घडलेली फाइल नव्या तारखेची व नव्या ओळखीची असे. संहिता जपणारा, पण स्वतःचेच नाव शेवटी घालणारा लिपिकार जसा, तसाच हा प्रकार होय.

२००६ मध्ये प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीच्या चौथ्या प्रकाशनाने हे वैगुण्य दूर केले. जतनाच्या आज्ञेत ‘स्पूल्ड फाइल डेटा’ हा नवा पर्याय आला. तेथे ‘ऑल’ असे सांगितल्यास रांगेबरोबर तिच्यातील फाइलीही जतन होतात व पुढे आपल्या मूळ ओळखीसह परत येतात. त्याच ओळखीची फाइल यंत्रावर आधीच असेल, तर तिला धक्का न लावता फक्त नसलेल्या फाइली आणल्या जातात. हा नियम विवेकाचा आहे. उपलब्ध मूळ प्रतीवर नक्कल लादू नये, हे पाठचिकित्सेचेही तत्त्व होय.

तथापि ही सुधारणा निर्दोष नाही. पहिली उणीव अशी की, काहीच न सांगितल्यास जतनाची आज्ञा स्पूल फाइली घेत नाही. उलट पुनःस्थापनेची आज्ञा न सांगताही त्या आणू पाहते. जे घेतलेच नाही ते परत कोठून यावे? दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. ए.एफ.पी. पद्धतीच्या स्पूल फाइलीत पानाची चौकट, बोधचिन्ह, अक्षरवळण हे घटक पुष्कळदा प्रत्यक्ष नसतात. त्यांचे केवळ निर्देश असतात, आणि मूळ वस्तू अन्य लायब्ररींत असतात. त्या जतन झाल्या नाहीत किंवा दरम्यान बदलल्या, तर फाइल परत येऊनही पान पूर्वीचे राहत नाही. याच प्रकाशनात स्पूल फाइलींना मुदत घालण्याची व मुदत सरलेल्या फाइली एकदम पुसण्याची सोय झाली, हेही लक्षणीय आहे. स्मरण आणि विस्मरण यांचे अधिकार एकाच वेळी हाती आले. कोणता अधिकार केव्हा वापरावयाचा, हे मात्र यंत्र सांगत नाही.

पुढे २००८ च्या सहाव्या आवृत्तीत त्याच नकलेच्या आज्ञेला पी.डी.एफ. रूपांतराची जोड मिळाली. पानाचे दृश्य रूप टिकविण्यास ही सोय उत्तम आहे. परंतु पी.डी.एफ. म्हणजे पानाचे चित्र होय. रांगेत पुन्हा घालून त्याच ओळखीने छापता येणारी स्पूल फाइल नव्हे. वाचनासाठी पी.डी.एफ. आणि पुराव्यासाठी मूळ फाइल, असे दोहोंचे कार्यक्षेत्र वेगळे मानणेच श्रेयस्कर.

एकंदरीत विचार करता, या व्यवस्थेतील उणीव तंत्रापेक्षा तिच्या मूल्यविचारात अधिक होती असे म्हणावयास हरकत नाही. तंत्र अठरा वर्षांनी सुधारले; पण छापील पान म्हणजे माहितीची सावली, ही समजूत संचालकांच्या मनात असेपर्यंत नव्या पर्यायाचा लाभ होणार नाही. जतनाची परीक्षा जतनाच्या वेळी होत नाही. ती पुनःस्थापनेनंतर होते. म्हणून निराळ्या यंत्रावर अधूनमधून एखादी रांग परत आणावी, तीतील एक पान छापून पाहावे आणि मजकुराबरोबर जॉबचा क्रमांक, तारीख व वेळही ताडून घ्यावी. पुष्पिका जुळली, तरच पोथी परत आली असे समजावे.