वासरू आणि माणूस : गांधीजींच्या दयामरणविषयक युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना :
असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या पाळीव कुत्र्याला आपण इंजेक्शन देऊन मरण देतो. मग तीच दया माणसाला का नाकारावी, हा युक्तिवाद दयामरणाच्या चर्चेत वारंवार केला जातो. भारतात या तुलनेचा गंभीर विचार महात्मा गांधींनी १९२८ मध्येच केला होता. प्रस्तुत लेखात त्यांच्या भूमिकेची चिकित्सा केली आहे.

गांधीजींची भूमिका :
साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य यातना भोगत होते. उपचार निरुपयोगी ठरल्यावर गांधीजींनी स्वतःच्या उपस्थितीत त्याला विषाचे इंजेक्शन देवविले. अहिंसेच्या उपासकाने गोवंशाचा प्राण घ्यावा, यावर तीव्र टीका झाली. 'नवजीवन' व 'यंग इंडिया'मधून उत्तर देताना त्यांनी माणसाचा प्रश्न टाळला नाही. हेच तत्त्व माणसालाही लागू पडते, असे मानून त्यांनी चार अटी घातल्या : रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा शक्य नसावी, आणि रुग्णाला स्वतःची इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे.

चिकित्सा :
या मांडणीचे बळ तिसऱ्या अटीत आहे. मरण देण्याचा विचार सेवेच्या सर्व वाटा संपल्यानंतरच करावयाचा आहे. खर्च परवडत नाही किंवा गैरसोय होते, म्हणून पाळीव प्राण्याला दिलेले मरण या कसोटीवर दया ठरत नाही.

दुर्बलता चौथ्या अटीत आहे. मुक्या जनावराच्या बाबतीत ही अट जवळजवळ आपोआपच पूर्ण होते. माणसाचे मौन मात्र इच्छेचा अभाव नव्हे. त्यामागे संपूर्ण आयुष्यात घडलेली मते असतात. अरुणा शानबाग प्रकरणात हीच अडचण प्रकर्षाने दिसते. १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात २०१५ पर्यंत, मृत्यूपावेतो, होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांची निष्ठेने शुश्रूषा केली व दयामरणाला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. गांधीजींच्या तिसऱ्या अटीनुसार हा निर्णय सुसंगतच ठरतो, कारण सेवा शक्य होती आणि ती होतही होती. परंतु स्वतः अरुणा यांना काय हवे होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. सेवा कितीही थोर असली, तरी ती संमतीची जागा घेऊ शकत नाही.

९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने ही उणीव काही अंशी भरून काढली. शुद्धीवर असताना केलेले वैद्यकीय इच्छापत्र त्याने ग्राह्य मानले. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. अर्थात ही अनुमती जीवरक्षक उपचार थांबविण्यापुरतीच आहे, प्राणघातक इंजेक्शनला नाही. तथापि तत्त्वतः गांधीजींची चौथी अट येथे उलटी होते : आज बोलता न येणाऱ्या रुग्णाचा कालचा शब्द निर्णायक ठरतो.

निष्कर्ष :
मराठीत 'दयामरण' आणि 'इच्छामरण' हे शब्द पुष्कळदा समानार्थी वापरले जातात. वस्तुतः त्यांतील भेद हाच या प्रश्नाचा गाभा होय. प्राण्याला दयामरणच देता येते; त्याच्या वतीने निर्णय घेणारा मालक असतो. माणसाचा मालक कोणी नसतो. म्हणून पाळीव प्राण्यांच्या उदाहरणावरून माणसाचे मरण सुलभ करण्याऐवजी, सेवेची जी कसोटी आपण माणसाला लावतो ती प्राण्यांनाही लावणे अधिक न्याय्य ठरेल.