बाप्तिस्मा, तारण आणि टिळकांचा ‘देवाचा दरबार’

यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत १९५३ ते १९८३ या काळात निरनिराळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी एकत्र शिकले. बाप्तिस्म्याविषयी मात्र ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही. रोमन कॅथॉलिक परंपरा त्यास कृपेचे साधन मानून शिशूंनाही तो देते. बॅप्टिस्ट मंडळ्या त्यास विश्वासाने आधीच लाभलेल्या तारणाची जाहीर खूण समजतात.

मराठी ख्रिस्ती विचारात या वादास निराळे वळण दिले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. परंतु १९१७ साली स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यांनी स्थान दिले. यात केवळ संस्काराचा अव्हेर पाहणे एकांगी ठरेल. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जातीबाहेर पडणे आणि आप्तांचा वियोग. त्याची किंमत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त दिसते. तारण आणि हा सामाजिक विच्छेद एक नव्हेत, हा भेद दरबाराच्या भूमिकेने स्पष्ट केला, हेच तिचे महत्त्व होय.

तथापि विश्वास जर अंतःकरणातच राहिला, तर त्याची साक्ष कोणती, हा बॅप्टिस्ट आक्षेप तेवढ्याने निरस्त होत नाही.